गिटारची तार : एका केसाचा फरक

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील अकरावीची एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेत आली ती प्रयोगवही घेऊन नव्हे, तर खांद्याला गिटार अडकवून. तिने डाव्या हाताची बोटे माझ्यापुढे धरली. बोटांच्या शेंड्यांवर तारांचे लाल वळ उमटले होते आणि एका बोटाची कातडी सोलवटली होती.

"सर, दोन महिने झाले, पण तार नीट दाबली जातच नाही. शिकवणारे म्हणतात, सवय होईल. आई म्हणते, हात दुखतोय तर सोडून दे. मला सोडायचं नाही. पण ही तार इतकी कडक का?"

मी टेबलावरचा स्क्रू-गेज उचलला आणि सर्वांत बारीक तारेची जाडी मोजली. ती ०.३३ मिलिमीटर भरली. मग गिटार आडवी धरून पाहिली, तर घोडीच्या मागे लाकूड किंचित फुगलेले दिसले. म्हणजे त्रास एकट्या बोटांना नव्हता, वाद्यालाही होता. दोन्हींचे कारण एकच होते, आणि ते तुमच्या पाठ्यपुस्तकातील एका सूत्रात दडलेले आहे. ते सूत्र घेऊन गिटारची तार कशी निवडावी, हे आज आपण पाहू.

सुरुवातीला वाद्याची ओळख करून घेऊ. येथे आपण पोलादी तारांच्या, विजेवाचून वाजणाऱ्या गिटारचा विचार करणार आहोत. सतारीला जशी तबली, घोडी, दांडी, पडदे आणि खुंट्या असतात, तशीच गिटारलाही असतात. सहा तारा एका टोकाला घोडीत अडकवलेल्या असतात व दुसऱ्या टोकाला खुंट्यांवर गुंडाळलेल्या असतात. घोडीपासून दांडीच्या टोकावरील पट्टीपर्यंतचा तारेचा भागच कंप पावतो. मोठ्या आकाराच्या बहुतेक गिटारींत या भागाची लांबी सुमारे ६४.८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच असते. सर्वांत बारीक तारेला पहिली तार म्हणतात. तिची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, ३२९.६ ठेवतात. सर्वांत जाड तार सहावी. तिची कंप्रता ८२.४, म्हणजे पहिलीच्या बरोबर एक चतुर्थांश. दोघींमध्ये दोन सप्तकांचे अंतर असते.

आता सूत्राकडे वळू. प्रयोगशाळेत सोनोमीटरवर तुम्ही हा प्रयोग केलाच असेल. तारेची लांबी निम्मी केली की कंप्रता दुप्पट होते. मात्र कंप्रता दुप्पट करण्यासाठी टांगलेले वजन दुप्पट करून भागत नाही, ते चौपट करावे लागते. ही चौपटीची गोष्ट सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत एका ल्यूटवादकाने वजने टांगून दाखवली. त्याचे नाव विन्चेन्झो गॅलिली, म्हणजेच आपल्या परिचयाच्या गॅलिलिओचा पिता. त्यापूर्वी शतकानुशतके पंडित मंडळी दुप्पट वजनच पुरे, असे लिहीत आली होती. वजने टांगून खात्री करून घेण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते! पुढे १६३६ साली मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने तारेचे सर्व नियम एकत्र मांडले. आज आपण ते असे लिहितो :

क = (१ ÷ २ल) × √(त ÷ म)

येथे क म्हणजे कंप्रता, ल म्हणजे तारेची लांबी, त म्हणजे ताण आणि म म्हणजे एक मीटर तारेचे वस्तुमान. हेच सूत्र उलटवून लिहिले, तर आपल्याला हवे ते मिळते :

त = म × (२ × ल × क)²

नीट पाहा. गिटारची लांबी ठरलेली आहे. पहिल्या तारेचा स्वरही ठरलेला आहे. म्हणजे कंसातील संख्या आपल्या हातात नाही. हातात राहिला फक्त म. तार किती जाड घ्यायची, एवढेच आपण ठरवतो. मग तिला किती ताण द्यावा लागेल हे निसर्ग ठरवतो. आणि तारेचे वस्तुमान तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा ताणही व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणार. सारी गोम या "वर्गा"त आहे.

गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजण्याचा प्रघात आहे. दुकानदार "बाराचा संच" म्हणतो, तेव्हा त्यातील पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असते. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरून मी पहिल्या तारेचे गणित करून ठेवले आहे :

१० ची तार : व्यास ०.२५४ मि.मी., ताण ७.४ किलोग्रॅम-भार
११ ची तार : व्यास ०.२७९ मि.मी., ताण ९.० किलोग्रॅम-भार
१२ ची तार : व्यास ०.३०५ मि.मी., ताण १०.७ किलोग्रॅम-भार
१३ ची तार : व्यास ०.३३० मि.मी., ताण १२.५ किलोग्रॅम-भार

बारा आणि दहा यांच्या जाडीतील फरक केवळ ०.०५ मिलिमीटर आहे, म्हणजे एखाद्या बारीक केसाएवढा. नुसत्या डोळ्यांना तो जाणवतही नाही. पण ताणातील फरक सव्वातीन किलोग्रॅमहून अधिक, म्हणजे तीस टक्के! आमच्या विद्यार्थिनीच्या गिटारवर १३ ची तार होती. पाकिटावर बहुधा "मीडियम", म्हणजे मध्यम, असे छापलेले असणार. मध्यम म्हटल्यावर नवशिक्याला वाटते, हे आपल्यासाठीच. प्रत्यक्षात अशा गिटारच्या व्यवहारात १३ ला "मीडियम", १२ ला "लाइट" आणि १० ला "एक्स्ट्रा लाइट" म्हणतात. विजेच्या गिटारवर मात्र १० चा संच अगदी नेहमीचा समजला जातो. म्हणून शब्दांवर विसंबू नका. पाकिटावरचा आकडा वाचा.

हा ताण बोटाला कसा जाणवतो, ते आता पाहू. समजा, मधल्या म्हणजे बाराव्या पडद्यापाशी तार पडद्यापासून २ मिलिमीटर उंच आहे. तेथे ती दाबली की सरळ तारेला किंचित कोन येतो आणि दोन्ही बाजूंचा ताण बोटाला वर ढकलू लागतो. हे बल (४ × ताण × उंची ÷ लांबी) एवढे येते. आकडे घालून पाहा. १२ च्या तारेला सुमारे १३० ग्रॅम-भार लागतो, तर १० च्या तारेला सुमारे ९०. तार पडद्यावर घट्ट धरून ठेवण्यासाठी लागणारे बल याच्या वर. फरक लहान वाटतो खरा. पण गिटारवादकाला पुष्कळदा एकाच बोटाने सहाही तारा आडव्या दाबाव्या लागतात. तेव्हा तो सहा तारांवर मिळून जाणवतो, आणि तासाभराच्या सरावात असे शेकडो वेळा घडते. कोवळ्या बोटांना वळ का उठतात, हे आता सांगावयास नको. सूत्रातील "उंची"कडेही लक्ष द्या. घोडी वा पट्टी प्रमाणाबाहेर उंच असेल, तर बारीक तारही बोटे सोलते. म्हणून तार बदलण्यापूर्वी तिची उंची तपासून घ्यावी.

येथे एक शंका हमखास येते. बारीक तार लवकर तुटणार नाही का? प्रश्न स्वाभाविक आहे, पण उत्तर चमत्कारिक आहे. तार तुटेल की नाही हे एकूण ताणावर अवलंबून नसते. छेदाच्या दर चौरस मिलिमीटरवर किती ताण येतो, यावर ते ठरते. त्याला प्रतिबल म्हणतात. तार बारीक केली की ताण व्यासाच्या वर्गाने घटतो, आणि क्षेत्रफळही व्यासाच्या वर्गानेच घटते. भागाकार जसाच्या तसा राहतो! वरच्या चारही तारांत तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे १४६ किलोग्रॅम-भार इतकाच येतो. वाद्यांसाठी ओढलेल्या चांगल्या पोलादी तारेची ताकद २५० च्या वर असते. याचा अर्थ, एकाच लांबीवर एकच स्वर लावायचा असेल, तर बारीक तार जाड तारेइतकीच सुरक्षित असते. सूर लावता लावता स्वर बराच वर नेला, तर मात्र दोघीही सारख्याच धोक्यात येतात. गंज, खुंटीपाशी पडलेला तीक्ष्ण बाक किंवा नखीचा घाव यांना बारीक तार लवकर बळी पडते, एवढे खरे. पण तो दोष ताणाचा नव्हे.

तर मग सर्वांनी बारीकच तार का घेऊ नये? निसर्ग फुकट काही देत नाही. बोटांना दिलेली सवलत तो दुसरीकडे वसूल करतो.

नुसती तार हवा फारशी हलवू शकत नाही. ती घोडीला झटके देते, घोडी तबलीला हलवते आणि तबली हवेला. घोडीला मिळणारा झटका ताणावर आणि तार किती बाजूला ओढली यावर अवलंबून असतो. दोन्ही तारा सारख्याच अंतराने ओढून सोडल्या, तर १० च्या तारेचा झटका १२ च्या तारेपेक्षा तीस टक्क्यांनी दुबळा पडतो. कानाला हा फरक सुमारे तीन डेसिबलचा भासतो; तो ओळखू येतो, पण फार मोठा नसतो. झटका सारखा हवा असेल, तर बारीक तार जवळजवळ दीडपट दूर ओढावी लागते. मग तिचा झोकाही दीडपट होतो आणि ती पडद्यांवर आपटून खरखरू लागते. तेव्हा बारीक तारेचा आवाज लहान असतो असे म्हणण्यापेक्षा, तो मोठा करण्याची मर्यादा लवकर येते असे म्हणणे अधिक बरोबर. बोटांनी हळुवार वाजवणाऱ्याला ही मर्यादा क्वचितच भेटते. समूहगायनाला जोरात साथ करणाऱ्याला ती पहिल्याच कडव्यात भेटते.

नादाचा पोतही बदलतो. कोणतीही तार एकच स्वर काढत नाही. मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे अधिस्वर उमटत असतात. जाड तार वाकायला नाखूश असते, म्हणून तिचे वरचे अधिस्वर नेमक्या पटींपासून थोडे सरकतात आणि लवकर विरतात. बारीक तार लवचीक असल्याने तिचे अधिस्वर जागेवर राहतात. नाद अधिक चमकदार, पण काहीसा पातळ वाटतो. नवशिक्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बारीक तार बोटाच्या धक्क्याने सहज बाजूला सरकते आणि तेवढ्याने स्वर चढतो. जड हाताच्या माणसाची गिटार बारीक तारांवर बेसूर वाटते, ती यामुळे.

हा ताठरपणाचा मुद्दा सहाव्या तारेचे कोडेही सोडवतो. तिचा स्वर पहिलीच्या चौथाईवर. ताण सारखा ठेवायचा तर साधी पोलादी तार चौपट व्यासाची, म्हणजे सव्वा मिलिमीटर जाड लागेल. पण वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. येथे तो २५६ पट! ती तार राहणारच नाही, सळई होईल. यावर कारागिरांनी सुंदर युक्ती काढली. आत बारीक पोलादी गाभा ठेवायचा आणि त्याभोवती तांब्याच्या मिश्रधातूची तार गुंडाळायची. वेढे वजन वाढवतात, पण ताठरपणा फारसा वाढवत नाहीत. पाकिटावर या वेढ्यांना "८०/२० ब्राँझ" म्हणतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबावे : ८० भाग तांबे आणि २० भाग जस्त यांचे मिश्रण म्हणजे ब्राँझ नव्हे, पितळ!

आता वाद्याची बाजू ऐकू. १२ पासून ५३ पर्यंतच्या संचात सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७४ किलोग्रॅम-भार होतो, आणि १० ते ४७ च्या संचात सुमारे ६१. उत्पादकागणिक यात थोडा फरक पडतो. म्हणजे एक प्रौढ माणूस त्या घोडीला रात्रंदिवस लोंबकळत असतो. घोडी मात्र तीनेक मिलिमीटर जाडीच्या तबलीवर सरसाने चिकटवलेली असते. शिवाय तारा तबलीपासून सेंटिमीटरभर उंचीवरून जातात, त्यामुळे घोडी पुढे कलू पाहते. तिच्या मागे तबली फुगते, पुढे खचते. फुगवटा त्याचाच होता.

तबलीला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार असतो. त्या जाड ठेवल्या तर तबली सुरक्षित राहते, पण नीट हलत नाही, आणि गिटार मुकी होते. बारीक ठेवल्या तर बोलते, पण ताण सोसत नाही. अमेरिकेतील मार्टिन या जुन्या गिटार-कारखान्याच्या इतिहासात ही ओढाताण स्पष्ट दिसते. १८३३ साली सुरू झालेल्या या कारखान्याच्या गिटारी जवळजवळ नव्वद वर्षे प्रामुख्याने आतड्याच्या तारांसाठी घडवल्या जात. १९२० नंतरच्या दशकात पोलादी तारा आल्या, तेव्हा बांधणी भक्कम करावी लागली. पुढे लोक फारच जाड तारा लावू लागले. तेव्हा १९४४ च्या अखेरीस आतल्या पट्ट्या कोरून हलक्या करण्याची पद्धत कारखान्याने सोडून दिली. बारीक तारांचे दिवस परत आल्यावर १९७६ मध्ये तीच कोरीव बांधणी एका नव्या नमुन्यात पुन्हा अवतरली. हलक्या बांधणीला हलकी तार, जड बांधणीला जड तार, अशी ही सोयरीक आहे. नायलॉनच्या तारांची गिटार तर मुळातच बऱ्याच कमी ताणासाठी बनवलेली असते. तिच्यावर पोलादी तारा कधीही चढवू नका. मग त्या कितीही "लाइट" असोत.

तार निवडताना काय पाहावे, ते आता थोडक्यात सांगतो. बोटे कोवळी असतील, किंवा गिटार जुनी वा हलक्या बांधणीची असेल, तर १० किंवा ११ ने सुरुवात करावी. हात जोरकस असेल आणि मोठ्या आवाजाची गरज असेल, तर १२ घ्यावी. गिटार आखूड असेल तर जाडी एक पायरी वाढवली तरी चालते, कारण सूत्रात लांबीचाही वर्ग आहे : ६४.८ ऐवजी ६३.२ सेंटिमीटर लांबी घेतली, तर ताण पाच टक्क्यांनी उतरतो. जाडी बदलल्यावर दांडीही बदलते, हे विसरू नका. ताण तेराएक किलोग्रॅमने कमी झाला की पुढे वाकलेली दांडी सरळ होऊ लागते, तारा पडद्यांजवळ येतात आणि खरखर सुरू होते. पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींच्या दांडीत यासाठी एक सळई असते. ती जाणकाराकडून किंचित फिरवून घ्यावी.

पैसे नसतील तर एक फुकटचा उपाय आहे. सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरवा. कंप्रता सुमारे पावणेसहा टक्क्यांनी घटेल; पण पुन्हा तोच वर्ग! ताण अकरा टक्क्यांनी घटेल. मूळ स्वरात गायचे असेल, तेव्हा पहिल्या पडद्यावर चिमटा लावावा. तंबोरेवाल्यांना हे शहाणपण पूर्वीपासून आहे. पुरुषांच्या खर्जातल्या पट्टीसाठी आणि स्त्रियांच्या उंच पट्टीसाठी ते एकच जाडीच्या तारा वापरत नाहीत.

आमच्या विद्यार्थिनीने काय केले? तिला १० चा संच घ्यावासा वाटत होता. पण महाविद्यालयाच्या गायनवृंदात ती साथ करते, जोरात वाजवते. मर्यादेचा मुद्दा तिने स्वतःच काढला आणि ११ चा संच घेतला. पहिल्या तारेचा ताण साडेबारावरून नऊवर आला. गिटार दुरुस्त करणाऱ्याने घोडीची एक कड सुटू लागल्याचे दाखवले व ती पुन्हा चिकटवून दिली. आणखी सहा महिने तसेच चालले असते तर घोडी उखडली असती, असे तो म्हणाला. त्याच सहा महिन्यांत मुलीनेही गिटार सोडली असती, असे मला वाटते. "सवय होईल" हा सल्ला खोटा नसतो. पण सवय करण्याआधी मोजून पाहावे.

शेवटी तुमच्यासाठी एक उदाहरण. पहिल्या दोन तारा साध्या पोलादी असतात. दुसरीची कंप्रता २४६.९ आहे. बाराच्या संचात दुसरी तार १६ ची असते. तिचा ताण काढा. तो पहिलीएवढाच येईल, कारण जाडीचे गुणोत्तर ३ : ४ आणि कंप्रतेचे बरोबर उलटे, ४ : ३. स्वरांमधले अंतर असे तारेच्या जाडीत लिहिलेले असते! आता दहाचा संच घ्या. त्यात दुसरी तार १४ ची असते. तेथे दोन्ही ताण सारखे येतात का? नसल्यास दुसरी तार किती जाडीची हवी होती? वही काढा, गणित करा. आणि घरात वा शेजारी गिटार असेल, तर दोन्ही तारा दाबून बोटाला काय वाटते तेही पाहा. गणिताचे आणि बोटाचे उत्तर जुळले पाहिजे.